पाचवी ओळ

सई, निखिल,

दर रविवारी फोनवर तुम्ही विचारता, "आजी, हाऊ आर यू?" आणि मी म्हणते, "फाइन." गेले तीन आठवडे हे उत्तर खरं नाही. माझ्या छातीच्या एक्स-रेत डॉक्टरांना उजव्या बाजूला एक डाग दिसला आहे. मिरजेला जाऊन पुढच्या तपासण्या करून घ्या, असं त्यांनी सांगितलं आहे. येत्या गुरुवारी मी जाणार आहे. हे मी तुमच्या बाबाला कळवलेलं नाही. मला भीती वाटते, हेही कुणाला कळवलेलं नाही.

आज सांगायला बसले आहे, त्याला कारण हौसा आजी. तुमच्या आजोबांच्या धाकट्या भावाची बायको, म्हणजे माझी जाऊ. तुम्ही लहान असताना ती तुम्हाला आटपाडीहून शेंगदाण्याचे लाडू पाठवायची. तिला जाऊन सव्वा महिना झाला. ती कशी गेली आणि त्यात माझा हात किती, हे सांगितल्याशिवाय मला माझं स्वतःचं सांगता येणार नाही.

हे मी मुद्दाम मराठीत लिहिते आहे. तुम्हाला वाचायला वेळ लागेल, बाबाची मदत घ्या. इंग्रजी मला चांगलं येतं आणि म्हणूनच आज ते नको. इंग्रजीत मला लपायला फार जागा आहेत.

पत्र तिला लिहिलं आहे. तुम्ही शेजारी बसून ऐका.

*

हौसा,

मिरजेची पिशवी भरून तयार आहे. दोन पातळं, टॉवेल, चष्म्याचं घर, आधीचे कागद, तांब्या-भांडं. आत काय काय आहे त्याची यादी करून पिशवीला आतून टाचली आहे. तू असतीस तर म्हणाली असतीस, "आक्का, पिशवीला बी धडा पाठ करायला लावताय व्हय?" मी काल तीन वेळा ती पिशवी रिकामी करून पुन्हा भरली.

तुझ्या-माझ्यातली गोष्ट यादीनंच सुरू झाली होती. माझे वडील पाचगणीच्या एका शाळेत कारकून होते, म्हणून मला तिथं इंग्रजीत शिकायला मिळालं. संकटाचं वर्णन करणारे इंग्रजी वाक्प्रचार तिथल्या बाईंनी आमच्याकडून एका वहीत उतरवून घेतले होते. चाळीसएक असतील. लग्न होऊन साताऱ्यात आले तेव्हा ती वही माझ्या ट्रंकेत होती. चार वर्षांनी तू आलीस, चौथी पास, आटपाडीकडची, आवाज असा की अंगणातून हाक मारलीस तर शुक्रवार पेठेतली माणसं वळून बघायची. आत्याबाईंसमोर, म्हणजे आपल्या सासूसमोर, आपल्याला एकमेकींशी काही बोलता यायचं नाही. भात करपला, दूध नासलं, भाऊजी रागावून बाहेर गेले, सगळं गिळायचं. मग एकदा तांदूळ निवडताना मी तुला पहिला वाक्प्रचार शिकवला. इन अ पिकल. म्हणजे छोटीशी अडचण.

"पिकल म्हंजे?"

"लोणचं."

"लोणच्यात पडलं म्हंजे अडचण? आमच्यात तर लोणचं मिळालं की जेवान झालं." तू शब्द मात्र पक्का केलास. त्याच दुपारी तुझ्या हातून चिनी मातीची बरणी निसटली आणि तू माजघरातून गंभीर आवाजात ओरडलीस, "आक्का, पिकल!"

पुढं तू हॉट वॉटर शिकलीस. म्हणजे आता कुणीतरी आपल्यावर खवळणार. आत्याबाई दारातून आत येताना दिसल्या की तू खाली मान घालून ते दोन शब्द पुटपुटायचीस आणि मला हसू आवरायचं नाही. एकदा आत्याबाई म्हणाल्याच, "काय गं सारखं हाट वाटर, हाट वाटर? बंब पेटवलाय का कुणी?" आपण दोघी चुलीशी तोंड लपवून बसलो. आणि मग तो दिवस, आठवतो का? गौरीच्या जेवणाला पाहुणे पानावर बसले होते, आमटीत मीठ पडलंच नव्हतं, आणि आत्याबाई माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "थोरले, पिकल झालंय. मीठ आण गपचूप." किती महिने ती म्हातारी सगळं ऐकून समजून घेत होती, कोण जाणे. त्या दिवसापासून घरात तीन जणींना इंग्रजी यायला लागलं.

तुम्ही आटपाडीला कायमचे राहायला गेलात तेव्हा मी यादी नीट केली. वहीतून पाचच वाक्प्रचार निवडले आणि त्यांना क्रम दिला. तुला पोस्टकार्डाखेरीज दुसरं काही लिहायला आवडायचं नाही आणि तुमच्याकडचा पोस्टमन कार्ड हातात देण्याआधी ओट्यावर बसून मोठ्यानं वाचायचा. म्हणून वरचा मजकूर पोस्टमनसाठी आणि शेवटची एक इंग्रजी ओळ माझ्यासाठी, असं ठरलं. एका कागदावर मी पाच ओळी लिहिल्या आणि प्रत्येकीपुढं नियम लिहिला. मला नियम लागतात.

इन अ पिकल: सांगून टाकावं, हसावं, उत्तराची वाट बघू नये. इन हॉट वॉटर: सवडीनं उत्तर द्यावं. इन डीप वॉटर: उलट टपाली उत्तर द्यावं. बिटवीन द डेव्हिल अँड द डीप सी: दोन्हीकडून अडलंय, सल्ला द्यावा, फोन करावा. आणि पाचवी ओळ, ॲट द एन्ड ऑफ माय टेदर: हातातलं काम टाकून मिळेल त्या एसटीनं निघावं. का, कशासाठी, असं विचारत बसू नये.

तिसऱ्या ओळीवरून तू माझ्याशी जे भांडण काढलंस, ते आजही मिटलेलं नाही. "आवं आक्का, ह्ये इंग्रज लोक पाण्याला लय भ्यात्यात काय? कडत पाणी, खोल पाणी, समुद्र. सगळी संकटं ह्यांची पाण्यातच. आमच्याकडं खोल पाणी लागलं तर पेढं वाटत्यात. ह्यात संकट कुठं हाय?"

मी म्हणाले, "वाक्प्रचार जसा आहे तसाच वापरायचा असतो. आपल्या मर्जीनं बदलता येत नाही."

"का? भाषा काय तुमच्या म्हायेरची हाय?"

"माझ्या नाही. त्यांची आहे."

"त्ये तर गेलं की कवाच. सामान ठिवून गेलं, आता वापरायचं कसं ते आपण ठरवायचं."

एका उन्हाळ्यात तू मला हाताला धरून तुमच्या विहिरीवर नेलंस. आत वाकून पाहिलं तर मधोमध चिखलाचा एक काळा गोल आणि भोवती भेगा. "ह्ये बघा संकट," तू म्हणालीस. "तळ दिसला की संकट. लिवा तुमच्या यादीत." मी लिहिलं नाही.

पाचव्या ओळीवरून मात्र कधीच वाद झाला नाही. टेदर म्हणजे दावं, हे मी सांगितलं. तू म्हणालीस, "ह्यो इंग्रज शेरडं राखलेला दिसतोय." आणि मला समजावलंस, मला, जिनं चाळीस वाक्प्रचार पाठ केले होते. शेळीला खुंट्याला बांधलं की ती दाव्याच्या टोकापर्यंत गोल फिरत गवत खाते. गोलातलं गवत संपलं की ती टोकाशी जाऊन दावं ताणून उभी राहते. ओरडत नाही. नुसती उभी राहते. "तवा आपुन जाऊन खुंटा बदलायचा," तू म्हणालीस. "तिनं बोलवायची वाट बघायची नसती."

हे शेवटचं वाक्य मी त्या वेळी यादीत घ्यायला हवं होतं.

*

मी पाचवी ओळ वापरली ती एकदाच. सई, निखिल, तुमचे आजोबा अंथरुणाला खिळले होते, त्या वर्षीची गोष्ट. बाबाला रजा मिळत नव्हती. मी सकाळी त्यांचं करायची, दुपारी औषधांच्या वेळा तक्त्यात भरायची आणि एक दिवस तो तक्ता मला वाचताच येईना. अक्षरं दिसत होती, अर्थ लागत नव्हता. मी भ्यायले. पोस्टात गेले आणि आटपाडीला तार केली. त्यात ती एकच ओळ.

हौसा, तार आली म्हणून तुझ्या दारात निम्मी गल्ली जमली होती, हे मला नंतर तुझ्या लेकीनं, मंदानं सांगितलं. कुणी गेलं म्हणून बायकांनी पदर डोळ्याला लावले. तू तार वाचलीस, म्हणालीस, "कोण गेलं न्हाई. खुंटा बदलायचाय," आणि फडक्यात चार भाकरी बांधून निघालीस. म्हसवडला एक गाडी बदललीस, दहिवडीला दुसरी. दिवेलागणीच्या आधी तू माझ्या स्वयंपाकघरात उभी होतीस. कसं आहे, काय झालं, काही विचारलं नाहीस. औषधाचा तक्ता भिंतीवरून काढून उलटा ठेवलास आणि म्हणालीस, "आक्का, उठा. आंगोळ करा. भावजींना मी बघते." मी न्हाणीघरात पाणी अंगावर घेत किती वेळ रडले कुणास ठाऊक. बाहेर येते तो तू त्यांना भरवत होतीस आणि ते चक्क हसत होते. तू त्यांना सांगत होतीस की आक्कांचं इंग्रजी आता इतकं वाढलंय की तारवाल्यालाही कळंना.

तू अकरा दिवस राहिलीस. त्याबद्दल तुला मी कधी धन्यवाद दिले नाहीत. आपल्यात तशी पद्धत नव्हती, असं मी म्हणू शकते. खरं कारण असं की धन्यवाद द्यायचे तर आधी मान्य करावं लागतं की आपलं दावं संपलं होतं.

*

आता जे लिहायचं आहे त्यासाठी मी दोनदा पाणी पिऊन आले.

अडीच वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये तुझं कार्ड आलं. वर नेहमीचा मजकूर: टँकर आठ दिवस आला नाही, तुझ्या मुलाला, अशोकला शिरवळच्या कंपनीत कायम केलं, मंदा विट्याला सुखी आहे. आणि खाली वाकड्या अक्षरांत पाचवी ओळ.

मी नियम पाळला. पहिल्या एसटीनं निघाले. दहिवडीला गाडी बंद पडली, दोन तास उन्हात उभी राहिले. पोचले तेव्हा डोळ्यांपुढं काळे ठिपके नाचत होते. वाटेत माझं सगळं काही कल्पून झालं होतं, अशोकचा अपघात, घराला आग. आणि तू ओट्यावर बसून मटकी निवडत होतीस.

"काय झालं हौसा?"

तू सूप खाली ठेवलंस. माझ्याकडं न बघता म्हणालीस, "आक्का, मला भ्या वाटलं."

"कशाचं?"

"कशाचं न्हाई. आमचं मालक जाऊन तीन वर्सं झाली. घरात कोण न्हाई. मंगळवारी दुपारी छातीत लय धडधडाया लागलं. वाटलं, मी अशीच पडून ऱ्हायली तर मंदाला कळायला चार दिस लागतील. मग तुमाला लिवलं."

"आता कसं आहे?"

"आता काय न्हाई."

तो शनिवार होता, हौसा. दुसऱ्या दिवशी रविवार, मुलाचा अमेरिकेहून फोन यायचा दिवस, आणि तो फोन माझ्या रिकाम्या घरात वाजणार होता. मला राग आला होता. उन्हाचा, बंद पडलेल्या गाडीचा, आणि सगळ्यात जास्त या गोष्टीचा की वाटभर मी जेवढी घाबरले तेवढं घाबरण्यासारखं तिथं काही नव्हतं. मी शाळेत शिकवताना वर्गात बोलायची तशी बोलले. "भीती वाटणं म्हणजे संकट नव्हे, हौसा. पाचवी ओळ अशी वापरायची नसते. उद्या खरंच काही झालं तर मी विश्वास कसा ठेवू? शब्द जपून वापरावेत."

तू म्हणालीस, "चुकलं, आक्का." आणि चहा ठेवायला आत गेलीस.

सकाळी तू मला पहिल्या गाडीला बसवून दिलंस, बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून. गाडी सुटताना खिडकीशी येऊन हसलीस. "पुना न्हाई हां आसं व्हायचं," म्हणालीस. मला ते हसणं बरं वाटलं. मला वाटलं, चला, शहाणपण शिकली.

त्यानंतर तुझी जेवढी कार्डं आली त्यात दुसऱ्या ओळीच्या पुढं तू कधी गेली नाहीस. बोअरला पाणी लागलं नाही: पिकल. डोळ्याचं ऑपरेशन करायचंय: पिकल. अशोकची बायको भांडून माहेरी गेली: हॉट वॉटर. मी ती कार्डं तारखेप्रमाणे डब्यात लावत गेले आणि मनात म्हणत गेले की हौसाचं आता बरं चाललंय.

तुझं शेवटचं कार्ड माझ्यासमोर आहे. थोडा दम लागतोय, जिना चढवत नाही, जेवण जात नाही. खाली: ओन्ली पिकल.

तुमच्या घराला जिना नाही, हौसा. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. तू मंदाकडे विट्याला होतीस. घर सोडून लेकीकडे जाऊन राहण्याइतकी तू आजारी होतीस आणि मी शेवटची ओळ वाचली, तिचा नियम आठवला. हसावं, उत्तराची वाट बघू नये. तरी मी उत्तर दिलं. चार सूचना लिहिल्या, क्रमांक घालून. आल्याचा रस मधातून घेणे. उशाला दोन उश्या घेणे. मीठ कमी करणे. डॉक्टरांना दाखवणे. डॉक्टरांचा क्रमांक चौथा.

बारा दिवसांनी सकाळी दहा वाजता फोन वाजला. रविवार नव्हता. रविवारखेरीज माझा फोन वाजत नाही, म्हणून हातातली वाटी तशीच ठेवून मी उठले. पलीकडून अशोक म्हणाला, "काकू, आई गेली." मी म्हणाले, "अरे, पण तिनं तर..." आणि पुढं काय म्हणायचं होतं ते माझं मलाच ऐकवेना. तिनं तर पिकल लिहिलं होतं. एका मेलेल्या बाईबद्दल मी हे म्हणणार होते.

*

मागच्या बुधवारी मंदा आली. तुझा पत्र्याचा डबा घेऊन आली होती. त्यात माझी कार्डं, आणि माझं शेवटचं कार्ड, चार सूचनांचं. तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी ते आटपाडीहून फिरून विट्याला पोचलं. मंदा म्हणाली, "वाचायचं का न्हाई, कळंना. म्हणून तसंच ठेवलं."

तळाशी यादी होती. माझ्या हातची नव्हे, तू तुझ्या हातानं उतरवून घेतलेली, पेन्सिलीनं. पहिल्या दोन ओळी जशाच्या तशा. तिसऱ्या ओळीवर काट मारून तू मराठीत लिहिलं होतंस, तळ दिसला. म्हणजे भांडणाचा निकाल तू तुझ्यापुरता लावून टाकला होतास. मला हसू आलं. मग मी पाचवी ओळ पाहिली. तिच्यावर एक आडवी रेघ होती, जपून, पट्टी धरून मारल्यासारखी सरळ. आणि शेजारी: ही वापरायची न्हाई. आक्कांना तरास हुतो.

मी डबा मिटला. पाणी प्यायला उठले. परत आले तो मंदा माझ्या कपाटापाशी उभी होती. आपली मूळ यादी मी दाराला आतून चिकटवली आहे, हे तिला तुझ्याकडून माहीत होतं. ती बघायला तिनं दार उघडलं आणि यादीच्या खाली, साड्यांच्या मागं मी लपवून ठेवलेलं मोठं तपकिरी पाकीट तिच्या हाताला लागलं.

"काकू, ह्यो कुणाचा एक्स-रे?"

"माझाच. काही नाही गं, पिकल."

विचार न करता बोलले, हौसा. तोंडातून शब्द इतक्या सहज बाहेर पडला, जणू इतकी वर्षं तो तिथंच तयार बसला होता. मंदा पाकीट हातात धरून माझ्याकडं बघत राहिली. तिचे डोळे तुझे आहेत, हे मला तोवर कधी दिसलं नव्हतं.

"आई बी ह्येच म्हणली हुती," ती म्हणाली. "मी इचारलं, काकूंना बलवू का? तर म्हणली, नगं, त्यांना म्हणावं पिकल हाय."

मग मंदा माझ्या पलंगाच्या कडेला बसली. एक्स-रे उजेडासमोर धरून तिनं पाहिला, तिला काही कळलं नाही, मलाही त्यात काही कळत नाही. ती म्हणाली, "कवा जायचंय?" मी पुढचा गुरुवार म्हणाले. "संगट कोण?" मी एक्स-रे तिच्या हातून घेऊन पाकिटात घातला. "मी येती," ती म्हणाली. "आणि दादाला अमेरिकेत कळवलंय का?" मी नाही अशी मान हलवली. मग तुझ्याच आवाजात, तू मला उलट बोलायचीस तेव्हाच्या आवाजात म्हणाली, "आवं काकू, दोगी बी एकाच शाळंत शिकला व्हय?"

*

तेव्हापासून मी तुझ्याशी मनात वाद घालते आहे. मी म्हणते, तू का ऐकलंस माझं? इतर कुठल्या गोष्टीत ऐकलं होतंस? तिसरी ओळ बदललीस ना बेधडक, मग पाचवीबद्दल मी म्हटलेलंच तेवढं का पाळलंस? उत्तर मला ठाऊक आहे. तिसरी ओळ माझ्या पुस्तकाची होती. पाचवीत तू मला बोलावलं होतंस आणि मी आले, आणि आल्यावर तोंड फिरवलं. माणूस तसं दुसऱ्यांदा बोलावत नाही.

मी वर्गात तीस वर्षं मुलींना शिकवलं की भाषा नेमकी वापरा. तुलाही तेच शिकवलं. पण आपल्या यादीतल्या एकाही ओळीत साधी भीती नव्हती. राग होता, अडचण होती, कोंडी होती. नुसतंच घाबरलेल्या बाईनं काय लिहावं, याचा विचार मी केला नव्हता. तू पाच ओळींतून त्यातल्या त्यात जवळची निवडलीस. ती बरोबर होती. आज मला कळतं, कारण मी आज तिथंच उभी आहे. मला दुखत काही नाही. खोकला थोडा आहे. दुपारी ऊन खिडकीतून पलंगावर येतं तेव्हा मी तिथंच बसते आणि श्वास मोजते, आणि वाटतं की मी अशीच पडून राहिले तर कळायला किती दिवस लागतील. रविवारपर्यंत. फोन वाजेल, कुणी उचलणार नाही, मुलाला वाटेल आई देवळात गेली असेल. हे तुझेच शब्द आहेत. मी फक्त चार दिवसांच्या जागी रविवार घातला.

मला डागाची भीती वाटते. सुईची वाटते. मिरजेच्या दवाखान्यात नाव पुकारतील तेव्हा उठता येईल का, याची वाटते. डॉक्टर मला न सांगता मंदाला बाजूला घेतील, याची सगळ्यात जास्त वाटते. हे सगळं मी कुठल्याही क्रमानं लावलेलं नाही, बघ. लावता येत नाही.

तुझी क्षमा मागायचा मी प्रयत्न केला. तीन कागद फाडले. क्षमा मागणारं वाक्य लिहिलं की ते फार छान दिसतं आणि मला ते खोटं वाटतं. म्हणून तसं लिहीत नाही. मला तुझ्याकडं यायला हवं होतं. मी आले नाही. एवढंच लिहिते.

*

सई, निखिल, हे पत्र तुमच्या हाती पडेल तोवर गुरुवार होऊन गेलेला असेल. उद्या सकाळी मी तुमच्या बाबाला फोन करणार आहे. रविवार नसताना, मी आपण होऊन. तो घाबरेल. घाबरू दे. त्याला मी पिकल म्हणणार नाही आणि फाइनही म्हणणार नाही. पाचवी ओळ म्हणणार आहे, आणि तिचा नियम सांगणार आहे. "जमलं तर ये" असं पुढं जोडायची मला सवय आहे. ते शब्द मी एका कागदावर लिहून खोडून ठेवले आहेत, म्हणजे बोलताना तोंडून निसटणार नाहीत.

आणि तुम्हा दोघांना, पुढं कधी, कुठंही. नुसती भीती वाटली तरी पाचवी ओळ चालते. आल्यावर काही झालेलं नसलं तरी चालते. येणाऱ्यानं चहा घ्यावा आणि शेजारी बसावं.

हौसा, तुझ्या यादीवरची रेघ मी खोडरबरानं पुसणार होते. नाही पुसली. ती तू मारली आहेस, माझ्यामुळं मारली आहेस, ती तशीच राहू दे. माझ्या यादीत मात्र मी तिसरी ओळ खोडून तिथं तुझी लिहिली आहे, तळ दिसला. भांडण तू जिंकलीस. पाचव्या ओळीपुढं, बोलवायची वाट बघायची नसते, एवढं वाढवलं आहे.

ती यादी कपाटाच्या दाराला आतून अजून चिकटलेली आहे. शाई थोडी फिकी झाली आहे. पाचही ओळी वाचता येतात.